चेहऱ्यावरचे भाव: उपजत किती, शिकलेले किती

चेहऱ्यावर उमटणारे भाव जन्मजात असतात की आजूबाजूच्या माणसांकडे पाहून ते आत्मसात होतात, या प्रश्नाची शास्त्रीय मांडणी चार्ल्स डार्विनने १८७२ च्या ग्रंथात केली, आणि त्यासाठी हिंदुस्थानासह अनेक देशांत राहणाऱ्यांकडून प्रश्नावलीची उत्तरे मागवली. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस पॉल एकमन यांनी न्यू गिनीतील फोरे लोकांना छायाचित्रे दाखवून राग, भीती, दुःख, आनंद हे भाव सर्वत्र ओळखले जातात असा निष्कर्ष काढला. मात्र २०१४ मध्ये नामिबियातील हिंबा लोकांनी तशाच चित्रांची गटवारी वेगळ्या रीतीने केल्याने तो निष्कर्ष पूर्वीइतका निर्विवाद राहिला नाही.

उपजत बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा ज्यांना पाहून शिकण्याची संधीच मिळालेली नसते त्यांच्याकडून येतो. नवजात अर्भक कडू चवीला तोंड वाकडे करते आणि गोड चवीला ओठ चोखते, तर २००४ च्या अथेन्स पॅरालिम्पिकमधील जन्मांध ज्यूदोपटूंचे जिंकतानाचे व हरतानाचे चेहरे डोळस खेळाडूंच्या चेहऱ्यांशी जुळतात, असे डेव्हिड मात्सुमोतो यांच्या अभ्यासात दिसून आले.

तरीही स्नायूंची हालचाल उपजत असणे आणि ती कोणापुढे, केव्हा, किती होऊ द्यायची हे ठाऊक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेडगावसारख्या परभणी जिल्ह्यातल्या गावात लेक सासरी निघताना तिच्या डोळ्यांत पाणी नसेल तर बायका नावे ठेवतात, मयतीच्या घरी आलेले हसू दाबावे लागते, आणि बोलण्यात चूक झाली की जीभ चावली जाते. रडण्याची क्षमता शरीराची, पण रडण्याची वेळ समाजाने ठरवलेली, आणि जीभ चावणे तर बहुधा पूर्णपणे शिकलेलेच. अशा अलिखित बंधनांना मानसशास्त्रात भावप्रदर्शनाचे नियम म्हणतात.

भरताच्या नाट्यशास्त्राने या दोन्ही बाजू फार पूर्वी एकत्र हाताळल्या, ही त्याची मोठी कामगिरी मानली पाहिजे. मनात टिकून राहणाऱ्या आठ स्थायी भावांसोबत त्यात घाम, रोमांच, अश्रू यांसारखे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत, शिवाय नजर, भुवया, गाल, ओठ यांच्या हालचालींचे स्वतंत्र वर्ग करून नटाने त्या घटवाव्यात असेही सुचवले आहे. मराठी वाचकाला रसभावांची ही चर्चा र. पं. कंगले यांच्या ‘रस-भाव-विचार’ मधून वाचता येते. या परंपरेतील अभिनय परक्यालाही कळतो का, हे अहल्या हेजमाडी, रिचर्ड डेव्हिडसन आणि पॉल रोझिन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासले, तेव्हा भारतीयांप्रमाणे अमेरिकन विद्यार्थ्यांनीही बहुतेक भाव निव्वळ अंदाजापेक्षा बऱ्याच अधिक प्रमाणात ओळखले.

प्राण्यांतही चित्र असेच मिश्र आहे. जीन सॅकेट यांनी १९६६ मध्ये दाखवले की जन्मापासून एकटे वाढवलेले मर्कटपिल्लूही काही महिन्यांचे होताच धमकावणाऱ्या माकडाच्या चित्राने घाबरते. पण रॉबर्ट मिलर यांच्या १९६७ च्या प्रयोगात एकाकी वाढलेल्या माकडांना सोबत्याचा चेहरा वाचून धोका टाळता आला नाही. म्हणजे घाबरणे अंगात होते, परंतु दुसऱ्याच्या चेहऱ्याचा उपयोग करून घेण्यासाठी सहवास लागत होता, आणि माणसाबाबतही हाच निर्णय सर्वांत सयुक्तिक वाटतो.

या प्रश्नाला गोठ्यात व्यावहारिक महत्त्व आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१५ मध्ये दुभत्या गाईंच्या वेदनेची जी लक्षणे नोंदवली त्यांत मागे ओढलेले किंवा लोंबलेले कान, डोळ्यांवर पडलेली आठी आणि ताणलेल्या नाकपुड्या होत्या. मराठवाड्यातील शेतकरी बैल आजारी पडल्याचे पुष्कळदा अशाच खुणांवरून ताडतो. परदेशी गाईंवर बेतलेली मोजपट्टी लाल कंधारी जनावराला तशीच लावण्याऐवजी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने या भागातील गुराख्यांची ही जाण पद्धतशीर नोंदवून घ्यावी.