पिंपरीचं विरजण

खालापूर तालुक्यात सावरोलीला कोप्रानच्या कारखान्यात पेनिसिलिन गटातल्या कॅप्सूल भरल्या जातात. पण कॅप्सूल भरणं हे या औषधाचं अगदी शेवटचं काम. बुरशी पोसून तिच्याकडून औषध करून घेण्याचं मूळ काम देश मोठ्या प्रमाणावर शिकला तो खोपोलीहून जुन्या रस्त्याने बोरघाट चढून गेल्यावर, पिंपरीत. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे पिंपरीकरांची 'एच.ए.', सरकारने १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभारली. १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं.

विरजण लावणाऱ्या घराला ही विद्या परकी नाही. बुरशीचे बीजाणू आधी फ्लास्कमध्ये वाढवायचे, मग सीड टँकमध्ये, मग मोठ्या फर्मेंटरमध्ये. मक्यापासून स्टार्च काढताना उरलेलं पाणी हे तिचं आवडतं खाणं. पंचवीस अंशांच्या आसपास तापमान आणि अखंड निर्जंतुक हवा हवी. साखर मात्र थोडी थोडीच द्यायची, कारण पोटभर खाणारी बुरशी नुसती वाढते. वाढ मंदावली की पेनिसिलिन बनवते. एखादा परका जिवाणू आत शिरला, तर त्याचं विकर तयार झालेलं औषधच तोडून टाकतं आणि अख्खी बॅच ओतून द्यावी लागते.

माझ्या मते खरी कसोटी पुढे आहे. बुरशी गाळून काढली की उरलेल्या पाण्यात औषध थोडंच असतं. ते ब्युटिल अ‍ॅसिटेट या द्रावकात ओढून घ्यायला पाणी आम्लधर्मी करावं लागतं, आणि आम्लात पेनिसिलिन झपाट्याने नासतं. म्हणून पाणी आधी थंडगार करायचं, आम्ल घालताच सेंट्रिफ्यूजमध्ये दोन्ही द्रव वेगळे करायचे, औषध लगेच अल्कधर्मी पाण्यात परत आणायचं. मग पोटॅशियमच्या क्षाराचे पांढरे स्फटिक हाती येतात.

एच.ए. केवळ शिकलेलं गिरवत बसली नाही. तिथल्या डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्या संशोधनातून हमायसिन हे बुरशीविरोधी औषध निघालं. ते देणाऱ्या सूक्ष्मजीवाला त्यांनी 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असं पिंपरीचंच नाव दिलं.

पुढे चीनच्या स्वस्त मालापुढे देशातलं पेनिसिलिन जीचं, म्हणजे बुरशीपासून मिळणाऱ्या या मूळ पेनिसिलिनचं, उत्पादन बंद पडत गेलं. २०२० मध्ये सरकारने उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आणली, आणि २०२४ मध्ये आंध्रात काकीनाड्याजवळ त्याचा नवा कारखाना सुरू झाला. जी विद्या पिंपरीत १९५५ मध्येच हाती आली होती, ती अशी हातची जाऊ द्यायला नको होती.