नदी वाचते ती वरच्या गावात

राजमाचीच्या डोंगररांगेतून उतरणारी उल्हास कर्जत, नेरळ ओलांडून बदलापूरला पोहोचते आणि तिथल्या बॅरेजमधून नळाला येते. म्हणून कर्जतचे सांडपाणी कर्जतपुरते उरत नाही. सांडपाण्यातील घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. ही गरज बीओडीने मोजतात. घरगुती सांडपाण्यात ती लिटरला सुमारे २०० मिलिग्रॅम असते, तर अंघोळीयोग्य नदीत ३ पेक्षा जास्त नसावी. नदीची स्वतःची बीओडी १ धरली, तरी असे एक लिटर सांडपाणी सामावायला जवळजवळ शंभर लिटर प्रवाह लागतो. प्रक्रियेने बीओडी १० वर आणली, तर तीन-चार लिटर पुरतात. छोट्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाचे मोल या फरकात आहे.

पावसाळ्यात नदी स्वतःच धुऊन निघते, असा आक्षेप घेतला जातो. पण प्रवाह रोडावतो तो मार्च ते मे महिन्यांत, आणि सांडपाणी बाराही महिने तेवढेच वाहते. वीजखर्च परवडत नाही, हा दुसरा आक्षेप खरा आहे. बंद पडलेला प्रकल्प नसल्यासारखाच. मात्र छोट्या वस्तीला सेप्टिक टाकी आणि खडी-वनस्पतींचा गाळणवाफा अत्यल्प विजेत चालवता येतो. गाळ वेळेवर उपसणे तेवढे अटळ. नव्या गृहसंकुलांच्या परवानगीआधी नगरपरिषदेने आणि ग्रामपंचायतींनी ही तरतूद मागितलीच पाहिजे.