गांधीनगरच्या बाजाराआधी इथं पोलंड होतं! वळिवड्याचा ५ हजारांचा कँप नेमका चालवायचं कोण?

गांधीनगर म्हटलं की कापडाचा होलसेल बाजार. करवीर-हातकणंगल्याची माणसं सोडाच, नवी मुंबईत कामाधंद्याला असलेली मंडळीही घरात लग्न ठरलं की बस्ता बांधायला इथं येतात. पण याच माळावर १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या जवळपास ५ हजार लोकांचं अख्खं गाव होतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी पोलंडच्या वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या स्मारकाला अभिवादन करून आले. तेव्हापासून व्हॉट्सअॅपवर एक गोष्ट फिरते : ‘महाराजांनी पोलंडच्या लोकांना सांभाळलं.’ गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. त्यात दोन ठिकाणांची सरमिसळही होते. सुमारे हजार मुलांचा कँप जामनगरजवळ बालाचडीला होता, तो जामसाहेबांचा. वळिवड्याचा कँप वेगळा आणि कितीतरी मोठा.

ही माणसं इथवर आली कशी?

१९३९ मध्ये एका बाजूनं जर्मनी आणि दुसऱ्या बाजूनं रशिया पोलंडमध्ये घुसला. रशियानं पूर्व पोलंडमधली लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तानला नेली. १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावरच हल्ला केला, तेव्हा त्यांची सुटका झाली. पुरुष सैन्यात गेले. बायका, पोरं, म्हातारी माणसं १९४२ मध्ये इराणात पोहोचली. तिथून कोणी आफ्रिकेत, कोणी न्यूझीलंडला, तर कोणी कराचीमार्गे भारतात. म्हणून वळिवड्यात बाप्ये कमी, बायका आणि मुलंच जास्त.

एका गावाला कारभारी किती?

इथंच खरी गंमत आहे. जमीन कोल्हापूर संस्थानची. राजाराम महाराज १९४० मध्येच वारले होते, गादीवर लहान मूल होतं आणि राज्य रीजन्सी बघत होती. म्हणजे फॉरवर्डमधले ‘महाराज’ त्या वेळी कारभार करण्याच्या वयाचेच नव्हते. वरची देखरेख दिल्लीच्या इंग्रज सरकारची. त्यांचे मुख्य निर्वासित अधिकारी कॅप्टन वेब. खर्च मात्र पोलंडच्या सरकारच्या नावावर. हे सरकार मायदेशातून हुसकावलेलं, लंडनमध्ये बसलेलं आणि स्वतःच इंग्रजांच्या कर्जावर चालणारं. मुंबईतले पोलंडचे वकील बानासिन्स्की आणि रेडक्रॉसचं काम बघणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा यांनीही बरीच धावपळ केली.

रोजचा कारभार पोलिश लोकांच्याच हातात होता. कँपचे कमांडंट कॅप्टन यागियेलोविच पोलिशच. कँपाचे पाच विभाग पाडले होते. बराकींना कौलांचं छप्पर, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, आत कुटुंबागणिक वेगळी खोली, स्वयंपाकाची जागा. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकगृह, दुकानं, स्काउटची पथकं, सगळं होतं. क्षयाच्या रुग्णांना पाचगणीला पाठवत.

एक निर्णय फार शहाणपणाचा म्हणावा लागेल. शिजवलेल्या अन्नासाठी ताटं घेऊन रांगेत उभं करण्याऐवजी इथं भत्ता मिळायचा. बायका स्वतः बाजार करायच्या, स्वतः चूल पेटवायच्या. सैबेरियात भाकरीच्या तुकड्यासाठी राबलेल्या बाईला आपल्या पोरांसाठी आपल्या मनानं भाजी निवडता येणं ही साधी गोष्ट नव्हे. आसपासच्या गावांचाही धंदा झाला. भाजी, अंडी, दूध विकणारे आणि दुकानदार कामापुरतं पोलिश बोलायला शिकले.

मग पैसे देणारं सरकारच गेलं

युद्ध संपलं. जुलै १९४५ मध्ये ब्रिटननं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या रशियाधार्जिण्या सरकारला दिली. वळिवड्यातली माणसं एका फटक्यात बिनसरकारची झाली. त्यातून त्यांची गावं ज्या पूर्व भागात होती, तो भागच रशियाकडे गेला. परत जायचं तरी कुठं?

खर्च काही दिवस ब्रिटिशांनी ओढला. १९४६ मध्ये मित्रराष्ट्रांच्या ‘उन्रा’ या मदत संस्थेकडे जबाबदारी आली. तिचा भर निर्वासितांना मायदेशी पाठवण्यावर. बहुतेकांनी नकार दिला. ज्यांनी सैबेरिया बघितला होता, त्यांना पुन्हा रशियाच्या छायेत पाठवणं कोणत्या हिशेबात बसत होतं? पुढं दुसऱ्या देशात जायची वाट मोकळी झाली. घरचे सैनिक ब्रिटनमध्ये होते ती कुटुंबं तिकडं गेली. काही ऑस्ट्रेलिया, अमेरिकेला. थोडे पोलंडला परतले. लग्न करून इथं राहिलेल्या अगदी मोजक्या.

१९४८ मध्ये कँप बंद झाला, तेव्हा कोल्हापूर संस्थान अजून होतं. ते मुंबई राज्यात विलीन झालं मार्च १९४९ मध्ये. रिकाम्या बराकी फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनं घरदार सुटलेली सिंधी कुटुंबं तिथं आली. कल्याणच्या लष्करी कँपातून जसं उल्हासनगर झालं, तसं इथं गांधीनगर.

मिरज मार्गावर वळिवडे स्टेशन आजही आहे. कोल्हापुरात महावीर उद्यानात १९९८ पासून पोलिश लोकांचं स्मारक उभं आहे, वळिवड्यात २०१९ मध्ये स्मृतिस्तंभ झाला, आणि इथंच वारलेल्यांच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिश्चन दफनभूमीत आहेत.