ओरखड्याने ओरखडा काढताना

यवतमाळ जिल्ह्यात घराची जमीन म्हटली की शेणाने सारवलेली माती, शहाबादी फरशी किंवा अलीकडच्या टाइल्स डोळ्यांपुढे येतात. पण हा जिल्हा सागाच्या जंगलांचा आहे. पुसद, उमरखेड, पांढरकवडा या भागांतल्या पानझडी जंगलांत सागच प्रमुख. त्यामुळे जुन्या माडीच्या घरांत वरच्या मजल्याची जमीन सागाच्या फळ्यांची केलेली आढळते. पन्नास-शंभर वर्षांच्या वापराने अशा फळ्या काळवंडतात, त्यांवर ओरखडे पडतात, सांधे उघडतात. मग मालक म्हणतो, ‘यंत्राने घासून पॉलिश करून टाका.’ घासून टाका, हे सांगणे सोपे आहे. पण घासताना लाकडाचे नेमके काय होते, हे आधी समजून घेतले तर फळी आणखी दोन पिढ्या टिकेल.

सुतार ज्याला पॉलिश पेपर किंवा काचपेपर म्हणतात, त्या कागदावर कठीण पदार्थाचे टोकदार कण चिकटवलेले असतात. पूर्वी त्यासाठी काचेचा चुरा वापरत, म्हणून काचपेपर हे नाव. आता बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइड वापरतात. कागदामागे ४०, ८०, १२० असे आकडे छापलेले असतात. आकडा जितका मोठा, तितका कण बारीक. ४० नंबरच्या कागदाचा कण सरासरी ०.४ मिलिमीटरचा, ८० नंबरचा ०.२ मिलिमीटरचा, तर १२० नंबरचा सुमारे ०.१२ मिलिमीटरचा असतो.

प्रत्येक कण म्हणजे एक चिमुकली पटाशीच. ती लाकडात चर पाडते. म्हणजे पॉलिश पेपर लाकूड गुळगुळीत करतो असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात तो त्यावर ओरखडेच काढत असतो! ४० नंबरचा कागद जुना मळ आणि रंग खरवडतो, पण स्वतःचे खोल ओरखडे मागे ठेवतो. ८० नंबरचा कागद ते काढून आपले उथळ ओरखडे ठेवतो. १२० नंबरचा त्याहून उथळ. शेवटी उरलेले ओरखडे इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत.

यावरून एक नियम निघतो. मधली पायरी गाळू नये. ४० वरून एकदम १२० वर उडी मारली तर बारीक कणांना खोल चर बुजेपर्यंत घासत राहावे लागते, आणि कारागीर तेवढे थांबत नाही. कोरड्या लाकडावर ही चूक लपते. वर पॉलिश चढले की मात्र चरांत रंग साचतो आणि रेघा उठून दिसतात.

दिशेचेही असेच. लाकूड म्हणजे लांब पोकळ तंतूंची जुडी. तंतूंच्या दिशेने घासले तर ओरखडे लाकडाच्या नैसर्गिक रेषांत मिसळून जातात. आडवे घासले तर तंतू तुटतात आणि खूण कायम राहते. शिवाय सागात वर्षाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांचे लाकूड तयार होते आणि नंतर दाट लाकूड. नुसत्या बोटांनी कागद दाबून घासले तर मऊ भाग जास्त झिजतो आणि पृष्ठभाग लाटांसारखा होतो. म्हणून कागदामागे सपाट ठोकळा धरतात. यंत्र असेल तर ते सतत चालते ठेवतात. फिरते यंत्र क्षणभर एका जागी थांबले तरी तिथे खळगा पडतो.

आता महत्त्वाचा प्रश्न. लाकूड किती घासायचे? माडीची फळी ही खालच्या तुळयांवर टेकलेली असते आणि दोन तुळयांमध्ये माणसांचा भार ती स्वतः पेलते. अशा फळीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतो. २५ मिलिमीटर जाडीची फळी घासून २२ मिलिमीटर झाली असे समजू. २२ भागिले २५ म्हणजे ०.८८. त्याचा घन ०.६८. म्हणजे जाडी फक्त १२ टक्क्यांनी घटली, पण ताठपणा सुमारे ३२ टक्क्यांनी घटला! चालताना जमीन लवू लागते ती यामुळे. दहावीच्या विद्यार्थ्यांना घनाचा उपयोग दाखवायला हे उदाहरण चांगले आहे. म्हणून कुशल कारागीर किती लाकूड काढले यापेक्षा किती वाचवले हे पाहतो. जिथे साबणाच्या ओल्या फडक्याने मळ निघतो, तिथे तो कागद लावतच नाही.

काम कोणत्या ऋतूत करावे, हेही विज्ञानच सांगते. लाकूड हवेतला दमटपणा शोषते आणि सोडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर आणि हवा अगदी कोरडी, तर ऑगस्टमध्ये हवा दमट. सागाच्या लाकडातला ओलावा १ टक्क्याने बदलला, की वार्षिक वलयांना समांतर कापलेल्या फळीची रुंदी सुमारे ०.१९ टक्क्याने बदलते. लांबी मात्र जवळजवळ बदलत नाही. ओलाव्यात ८ टक्क्यांचा फरक पडला असे मानले, तर २० सेंटिमीटर रुंदीची फळी सुमारे ३ मिलिमीटर फुगते. मे महिन्यात रुंद दिसणाऱ्या फटी टणक लांबीने भरून टाकल्या, तर पावसाळ्यात फुगलेल्या फळ्यांना जागाच उरत नाही. त्या कडांशी उचलल्या जातात, खिळे सैल होतात. यासाठी पावसाचा दमटपणा ओसरल्यावर, हिवाळ्यात हे काम करणे बरे. थोडी फट राहिली तर तो दोष समजू नये.

घासण्यापूर्वी खिळ्यांची डोकी ठोकून आत घालावी लागतात, नाहीतर कागद फाटतो आणि ठिणग्या उडतात. फळ्यांवर जुना तैलरंग असेल तर अधिक सावध राहावे. जुन्या रंगांत शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर शिशाची धूळ घरभर पसरते, आणि तिचा सर्वांत जास्त धोका लहान मुलांना असतो. नुसत्या लाकडाची धूळही निरुपद्रवी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केला. हा धोका मुख्यतः नाकाच्या आतल्या भागाला, आणि रोज हे काम करणाऱ्याला. तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही. बारीक धूळ अडवणारा मास्क, उघड्या खिडक्या आणि धूळ ओढून घेणारे यंत्र हवे.

शेवटी तेलाचा हात. जवसाचे तेल उकळून केलेले बेलतेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. या क्रियेत उष्णता बाहेर पडते. फळीवर ती हवेत निघून जाते, पण तेलात भिजलेल्या सुती चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर ती आत साठते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे २३ फेब्रुवारी १९९१ रोजी एका ३८ मजली इमारतीत लाकूडकामाला तेल लावून झाल्यावर राहिलेल्या अशाच चिंध्यांतून आग लागली आणि तीन अग्निशमन जवान मरण पावले. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. सुताराकडून सागाचा एक तुकडा आणावा. अर्धा भाग ४०, ८०, १२० या क्रमाने आणि उरलेला अर्धा ४० नंतर लगेच १२० ने, तितकाच वेळ हाताने घासावा. मास्क वापरावा, प्रयोग वर्गाबाहेर करावा. भुसा ओल्या फडक्याने पुसून दोन्ही भागांवर बाजूने, अगदी तिरका विजेरीचा झोत टाकावा. कोणत्या भागात रेघा दिसतात? तुकडा वाळल्यावर पुन्हा बोट फिरवून पाहावे. ओल्या फडक्याने पृष्ठभाग खरखरीत का झाला असेल? तंतूंनी पाणी घेतले की ते फुगतात, एवढे सांगून पुढचे उत्तर विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावे.

त्याच तुकड्याच्या टोकाला वार्षिक वलये मोजता येतील. दोन वलयांमधले अंतर मोजून, एक मिलिमीटर लाकूड तयार व्हायला झाडाला किती महिने लागले, याचे गणित मुलांना करू द्यावे.