फोटोची साइज कमी करायला अनोळखी वेबसाइट कशाला? फोनवरच चालवा इमेजमॅजिक

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, रात्रीचे अकरा वाजलेत आणि स्क्रीनवर लाल अक्षरं: फोटोची साइज जास्त आहे. अशा वेळी आपण काय करतो? गुगलवर सर्च करतो, जी पहिली फुकट वेबसाइट दिसेल ती उघडतो आणि आपला फोटो, सही, कधीकधी आधार कार्डसुद्धा तिथे अपलोड करून मोकळे होतो. काम होतं. पण ती फाइल त्यांच्या सर्व्हरवर किती दिवस राहते आणि कोण बघतं, हे आपल्याला कळायला काही मार्ग नाही. चेहरा, सही आणि आधार एकाच ठिकाणी देऊन बसलो, हे सकाळी लक्षात येतं.

हेच काम तुमच्या फोनवर, नेट बंद ठेवून होतं. त्यासाठीचं टूल म्हणजे इमेजमॅजिक. जॉन क्रिस्टी यांनी ते १९८७ मध्ये ड्यूपाँट कंपनीत असताना लिहिलं आणि १९९० मध्ये ते सगळ्यांसाठी फुकट खुलं झालं. त्याला बटणं नाहीत, तुम्ही एक ओळ टाइप करता आणि ते काम करतं. गंमत म्हणजे कित्येक वेबसाइट्स फोटोंचं काम करायला आतून हेच टूल वापरतात. २०१६ मध्ये त्यात इमेजट्रॅजिक नावाची एक गंभीर चूक सापडली होती. मुद्दाम बिघडवलेला फोटो अपलोड केला की सर्व्हरवर हवी ती कमांड चालवता यायची.

अँड्रॉइडवर आधी एफ-ड्रॉइडवरून टर्मक्स हे ॲप घ्या. पुढच्या कमांड मी बोलतो तशा देवनागरीत देतोय. टाइप करताना त्या इंग्रजीत, छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांनीच टाका. ‘एक्स’ म्हणजे इंग्रजी अक्षर, गुणाकाराचं चिन्ह नाही.

पीकेजी इन्स्टॉल इमेजमॅजिक
टर्मक्स-सेटअप-स्टोरेज
सीडी स्टोरेज/डाउनलोड्स

इन्स्टॉल करताना तेवढं नेट लागेल. दुसऱ्या ओळीनंतर फोन परवानगी विचारेल, ती द्या. फाइलच्या नावात स्पेस ठेवू नका, नाहीतर पहिल्याच कमांडला अडकाल.

आता तो फॉर्मचा फोटो. आयबीपीएसच्या बँक परीक्षांना साधारण २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी असा फोटो लागतो:

मॅजिक फोटो.जेपीजी -ऑटो-ओरिएंट -रिसाइज २००एक्स२३०^ -ग्रॅव्हिटी सेंटर -एक्स्टेंट २००एक्स२३० -स्ट्रिप -क्वालिटी ९५ फॉर्म.जेपीजी

ओळ लांब आहे, पण डावीकडून उजवीकडे वाचत गेलात तर सोपी आहे. आधी फोटो सरळ होतो. मग तो लहान होतो, पण ^ या टोपीमुळे २०० बाय २३० ची चौकट पूर्ण भरेल एवढाच. मग मधला भाग ठेवून बाहेर आलेल्या कडा कापल्या जातात. टोपीच्या जागी उद्गारचिन्ह दिलं तर मापं बरोबर येतील, पण चेहरा चेपला जाईल. असे चेपलेले फोटो हॉल तिकिटांवर मी भरपूर पाहिलेत. साइज ५० केबीच्या वर गेली तर क्वालिटीचा आकडा थोडा कमी करा.

-स्ट्रिप मात्र विसरू नका. फोटोमध्ये फोनचं मॉडेल, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर तुमच्या घराचे अक्षांश-रेखांशसुद्धा दडलेले असतात. स्ट्रिप ते सगळं पुसतं. ‘हा फोटो आडवा धरून काढलाय’ ही नोंदही त्यातच असते, म्हणून ऑटो-ओरिएंट आधी आणि स्ट्रिप नंतर. क्रम उलटा केला तर फोटो आडवा पडतो आणि पुन्हा उभा होत नाही.

तुकडे करण्याचं काम तर मला याहून आवडतं. माझ्या रूममेटला घरमालकासोबतचं डिपॉझिटचं चॅट छापून हवं होतं. त्याने लांब स्क्रीनशॉट काढला, १०८० पिक्सेल रुंद आणि १२,००० उंच. झेरॉक्सवाल्याने तो एका पानावर बसवला तर अक्षरं मुंगीएवढी. ए४ कागदाची उंची रुंदीच्या १.४१४ पट असते, म्हणजे १०८० ला साधारण १५२७:

मॅजिक चॅट.पीएनजी -क्रॉप १०८०एक्स१५२७ +रिपेज चॅट-%०२डी.पीएनजी

आठ तुकडे झाले, ०० पासून ०७ पर्यंत, शेवटचा जरा आखूड. एक मेसेज मधूनच कापला गेला, मग उंची १५०० करून पुन्हा चालवलं. +रिपेज नसेल तर प्रत्येक तुकडा मूळ चित्रात आपण कुठे होतो ती जागा लक्षात ठेवतो आणि काही ॲप्समध्ये भोवती भलीमोठी रिकामी जागा दिसते. शेवटच्या नावाऐवजी चॅट.पीडीएफ लिहिलं की आठही पानं एकाच फाइलमध्ये येतात. आम्ही शेवटी तीच फाइल छापली. इन्स्टाग्रामच्या कॅरोसेलसाठी आडव्या फोटोचे तीन सारखे भाग हवे असतील तर क्रॉपपुढे ३एक्स१@ एवढंच लिहा.

स्क्रीनशॉट पीएनजीतच ठेवा. जेपीईजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून प्रत्येकातला बारीक तपशील थोडा थोडा गाळतं, त्यामुळे अक्षरांच्या कडा मळकट दिसतात. तीच जेपीईजी पुन्हा पुन्हा सेव्ह केली तर आणखी.

आता सावध राहायची गोष्ट. इमेजमॅजिकमध्ये मॉग्रिफाय नावाची दुसरी कमांड आहे, ती पूर्ण फोल्डरवर एकदम चालते. राजगडच्या ट्रेकचे सगळे फोटो ग्रुपवर टाकायला मी ८०० पिक्सेलचे करायला घेतले. दहा सेकंदांत झाले, मी खूश. मग कळलं की मॉग्रिफाय नवीन फाइल बनवत नाही, मूळ फाइलवरच लिहिते. टर्मक्समध्ये अनडू नाही, रिसायकल बिन नाही. त्या ट्रेकचा एकही मूळ फोटो आज माझ्याकडे नाही, आणि भिंतीवर लावायला एक मोठा प्रिंट काढायचा होता तो राहिलाच. आता मी आधी रिकामं फोल्डर बनवतो आणि निकाल तिकडे पाठवतो:

एमकेडीआयआर छोटे
मॉग्रिफाय -पाथ छोटे -रिसाइज ८०० *.जेपीजी

लॅपटॉपवर जुन्या व्हिडिओंमध्ये ‘मॅजिक’ऐवजी ‘कन्व्हर्ट’ दिसेल, ते सहाव्या आवृत्तीतलं नाव. विंडोजवर ते टाइप करू नका. तिथे कन्व्हर्ट ही वेगळीच कमांड आहे, ती ड्राइव्हची फाइल सिस्टिम बदलते.