परवाना घरमालकाचा : इंग्लंडमधली भाड्याची घरं आणि स्थानिक काउन्सिल

आज आपण इंग्लंडमधल्या भाड्याच्या घरांविषयी बोलणार आहोत. तिथली काउन्सिल, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिका-महानगरपालिकेसारखी संस्था, काही प्रकारची घरं भाड्याने देण्याआधी मालकाला परवाना घ्यायला लावते. हा परवाना कशासाठी, तो मिळतो कसा आणि त्याचा खरंच उपयोग होतो का, असे तीन प्रश्न आज घेऊ. आपल्यापैकी कित्येकांची मुलं, भाचे-पुतणे तिकडे शिकायला गेलेत आणि चार-पाच जणांत मिळून घर घेऊन राहतायत. त्यामुळे हा विषय वाटतो तितका लांबचा नाही.

आधी एका शब्दाचा गोंधळ मिटवू. महाराष्ट्रात भाड्याने राहिलेल्या माणसाला ‘लिव्ह अँड लायसन्स’ चांगलंच माहीत असतं. अकरा महिन्यांचा करार, त्याची नोंदणी, पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती देणं वगैरे. या व्यवहारात लायसन्स कोण कोणाला देतं? मालक देतो, राहणारा घेतो. इंग्लंडच्या ज्या परवान्याबद्दल आपण बोलतोय त्याची दिशा उलटी आहे. तिथे परवाना काउन्सिल देते आणि तो मालकाला घ्यावा लागतो. घर देण्यालायक आहे का आणि तुम्ही घर चालवण्यालायक आहात का, याची तपासणी मालकाची होते.

आता ही भानगड मुळात हवीच कशाला? भाडेकरूला त्रास असेल तर त्याने तक्रार करावी, काउन्सिलने येऊन बघावं, एवढं पुरेसं नाही का?

तक्रार कोण करतं?

कागदावर ते पुरेसं वाटतं. इंग्लंडमध्ये घरातल्या धोक्यांची तपासणी करण्याची रीतसर पद्धत आहे. ओल आणि बुरशी, थंडी, आग, वीज, जिना, गर्दी असे एकूण २९ प्रकारचे धोके तिच्यात मोजले जातात. धोका गंभीर असेल तर काउन्सिलला कारवाई करावीच लागते. पण काउन्सिलला कळणार कसं? भाडेकरूने कळवल्यावर.

इथेच सगळं अडतं. १९८८ च्या गृहनिर्माण कायद्यात कलम २१ होतं. या कलमाखाली मालकाला कारण न देता दोन महिन्यांची नोटीस देऊन घर परत मागता येत असे. म्हणजे भिंतीवरच्या बुरशीची तक्रार करायची, आणि काही दिवसांनी हातात घर सोडायची नोटीस पडायची. पुढे २०१५ मध्ये अशा सूडाच्या नोटिशींवर काही बंधनं आली, पण भीती गेली नाही. त्यातून जो माणूस देशात नवा आहे, ज्याला कायदा माहीत नाही, ज्याला दुसरं घर परवडत नाही, तो तक्रार करतच नाही. गंमत बघा, सगळ्यात वाईट घरात राहणारा माणूसच सगळ्यात गप्प असतो. तक्रारीवर चालणारी व्यवस्था नेमकी त्याच्यापर्यंत पोचत नाही.

परवान्यामागचा मुख्य विचार हा आहे. भाडेकरू बोलेल याची वाट बघायची नाही. घर ठीक आहे हे मालकाने आधी दाखवायचं. पुराव्याचं ओझं भाडेकरूच्या खांद्यावरून मालकाच्या खांद्यावर जातं.

आणि हा प्रश्न नुसत्या गैरसोयीचा नाही. १९९९ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत एका तळघरातल्या फ्लॅटला आग लागली आणि दोन विद्यार्थी मेले. खिडक्यांना गज होते, बाहेर पडता आलं नाही. त्यानंतर २००० सालापासून स्कॉटलंडमध्ये अनेक बिगरनात्याच्या माणसांनी मिळून राहायच्या घरांना परवाना सक्तीचा झाला. त्या दोघांनी तक्रार केली असती तर, हा प्रश्न विचारून उपयोग नाही. खिडकीच्या गजांबद्दल तक्रार करायची असते हे विशीतल्या मुलाला सुचणार कसं? ते बघायला जाणकार माणूस लागतो, आणि तो आगीच्या आधी यावा लागतो.

कायद्याची रचना

इंग्लंड आणि वेल्ससाठी २००४ चा हाउसिंग ॲक्ट आला आणि २००६ पासून परवाने सुरू झाले. इंग्लंडमध्ये आज त्याचे तीन प्रकार आहेत.

पहिला सक्तीचा, सगळ्या देशाला लागू. हा ‘एचएमओ’साठी असतो. हाउस इन मल्टिपल ऑक्युपेशन, म्हणजे वेगवेगळ्या कुटुंबांतली माणसं स्वयंपाकघर किंवा संडास-बाथरूम सामाईक वापरून राहतात असं घर. आपल्याला चाळीतला सामाईक संडास माहीत आहे. इथे एकाच घराच्या आत तसा प्रकार असतो. अशा घरात पाच किंवा जास्त माणसं असतील तर परवाना लागतोच. आधी घर किमान तीन मजली असण्याची अट होती, ती १ ऑक्टोबर २०१८ पासून काढून टाकली.

दुसरा प्रकार ‘ॲडिशनल’, म्हणजे वाढीव. तीन-चार माणसांच्या लहान एचएमओंनाही आपल्या हद्दीत परवाना लागेल, असं काउन्सिल ठरवू शकते.

तिसरा ‘सिलेक्टिव्ह’, म्हणजे निवडक भागापुरता. एखाद्या भागात घरांची अवस्था वाईट आहे, गुन्हे किंवा उपद्रव जास्त आहे, गरिबी आहे, अशा ठरावीक कारणांवरून तिथल्या जवळपास सगळ्याच खासगी भाड्याच्या घरांना परवाना लावता येतो. घरात एकच कुटुंब असलं तरी. अशी योजना जास्तीत जास्त पाच वर्षांची असते, आणि त्याआधी किमान दहा आठवडे लोकांची मतं मागवावी लागतात.

एक उदाहरण घेऊ. समजा पुण्याच्या पाच मुलींनी मिळून बर्मिंगहॅममध्ये एक घर घेतलं. कायद्याच्या हिशेबात ही किती कुटुंबं? पाच. नवरा-बायको, भावंडं, मावशी-भाची, चुलतभाऊ ही माणसं एका कुटुंबात धरली जातात, पण मैत्रिणी कितीही जिवाभावाच्या असल्या तरी प्रत्येकीचं कुटुंब वेगळं. म्हणून हे घर सक्तीच्या परवान्यात येतं. तिथे मालकाला काय काय दाखवावं लागेल? दरवर्षीचं गॅस सुरक्षेचं प्रमाणपत्र, चालू स्थितीतले धुराचे अलार्म, सुरक्षित विजेची उपकरणं, लेखी करार. शिवाय मालक किंवा त्याचा व्यवस्थापक ‘योग्य माणूस’ आहे का, त्याच्यावर फसवणूक, हिंसा किंवा घरांविषयीच्या गुन्ह्याची शिक्षा आहे का, हेही बघतात. किती माणसं राहू शकतील तो आकडा परवान्यावर लिहिलेला असतो.

खोलीचं मापही ठरलेलं आहे. दहा वर्षांवरच्या एका माणसाला झोपायची खोली किमान ६.५१ चौरस मीटर, म्हणजे आपल्या भाषेत ७० चौरस फूट. दोघांना १०.२२, म्हणजे ११० चौरस फूट. छताची उंची दीड मीटरपेक्षा कमी असलेला भाग मोजतच नाहीत. माळ्यावरची उतरती जागा ‘खोली’ म्हणून खपवायचा मार्ग त्यामुळे बंद होतो.

परवाना नसेल तर

विनापरवाना घर चालवणं हा फौजदारी गुन्हा आहे. खटला भरायचा नसेल तर काउन्सिल थेट दंड लावू शकते. त्याची कमाल मर्यादा २०१७ पासून ३०,००० पौंड होती आणि २०२५ च्या रेंटर्स राइट्स कायद्याने ती ४०,००० पौंडांवर नेली.

भाडेकरूच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे भाडं परत मिळवण्याचा आदेश. परवाना लागत असून मालकाने घेतला नसेल तर भाडेकरू न्यायाधिकरणाकडे जाऊन भरलेलं भाडं परत मागू शकतो. पूर्वी ही मर्यादा १२ महिन्यांच्या भाड्याची होती, नव्या कायद्यात ती दोन वर्षांच्या भाड्यापर्यंत गेली आहे. याच कायद्याने खासगी भाडेकरूंसाठीचं कलम २१ सुद्धा संपवलं, अंमलाची तारीख १ मे २०२६.

अनुभव काय सांगतो

इंग्लंडमध्ये खासगी भाड्याच्या घरांत सुमारे ४६ लाख कुटुंबं राहतात, म्हणजे साधारण पाचातलं एक. पंचवीस वर्षांपूर्वी हे प्रमाण दहातलं एक होतं. नोकरदार माणसाने कर्ज काढून दुसरं घर घ्यायचं आणि भाड्याने द्यायचं, हा प्रकार मधल्या काळात फार वाढला. त्यामुळे मालक हजारो, आणि बरेच एक-दोन घरांचे. कोणतं घर कोणाचं, याची यादीच काउन्सिलकडे नव्हती.

पूर्व लंडनमधल्या न्यूहॅमने यावर सगळ्यात मोठं पाऊल उचललं. ईस्ट हॅमसारखे, दक्षिण आशियाई वस्तीचे भाग याच बरोमध्ये येतात. १ जानेवारी २०१३ पासून तिथे सगळ्या बरोभर सिलेक्टिव्ह परवाना लागू झाला. इतक्या व्याप्तीची ही इंग्लंडमधली पहिली योजना. लिव्हरपूलनेही २०१५ मध्ये शहरभर परवाना लावला, पण २०२० मध्ये मुदत संपल्यावर केंद्र सरकारने शहरभराची परवानगी पुन्हा दिली नाही. २०२२ मध्ये तो शहराच्या काही भागांपुरता परत आला. २०२३ मध्ये बर्मिंगहॅमने २५ वॉर्डांत योजना सुरू केली. मोठ्या योजनेला मंत्र्यांची मंजुरी घेण्याची ही अट २०१५ ची होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये काढण्यात आली. आता निर्णय काउन्सिलच्या हातात आहे.

यावर घरमालकांचे आक्षेप आहेत, आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप, फीचा. फी काउन्सिलगणिक वेगळी असते. समजा पाच वर्षांसाठी ७५० पौंड धरले तर महिन्याला साडेबारा पौंड होतात. मालक म्हणतात की हा खर्च शेवटी भाड्यातच जाणार. काही ठिकाणी जातही असेल. मात्र कायद्यानुसार या फीतून काउन्सिलला इतर खर्च भागवता येत नाहीत, ती परवान्याच्या कामासाठीच वापरावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. सरळ मालक अर्ज करतो, फी भरतो. लबाड मालक अर्जच करत नाही. मग भुर्दंड चांगल्यालाच ना? याचं उत्तर एकच : काउन्सिलने रस्त्यावर उतरून विनापरवाना घरं शोधली पाहिजेत. तसा संशय असेल तर अधिकाऱ्यांना पूर्वसूचना न देता घरात शिरण्याचा अधिकार आहे. २०१९ मध्ये सरकारने स्वतंत्र आढावा करवून घेतला, त्याचा निष्कर्षही याच अंगाने जातो : योजना नीट आखली, माणूसबळ दिलं तर ती परिणामकारक ठरते. कागद गोळा करून फायलीत ठेवले तर भाडेकरूच्या भिंतीवरची ओल आहे तिथेच राहते.

तिसरा प्रश्न आपल्याला सगळ्यात अवघड वाटायला हवा. सात माणसांच्या घरात बारा जण सापडले तर उरलेल्या पाचांनी जायचं कुठे? रस्त्यावर? त्यांच्या भल्यासाठी केलेला कायदा त्यांच्याच डोक्यावरचं छप्पर काढून घेऊ शकतो. कायद्याने यावर थोडा विचार केलाय. खोली मापात बसत नसेल तर सुधारणेला १८ महिन्यांपर्यंत मुदत देता येते. मालक परवान्यालायकच नसेल तर काउन्सिल ‘मॅनेजमेंट ऑर्डर’ काढून घराचा कारभार स्वतःकडे घेऊ शकते. भाडेकरू तिथेच राहतात, भाडं काउन्सिल घेते, दुरुस्ती काउन्सिल करते. पण यालाही माणसं आणि पैसा लागतो. स्वस्त घरं पुरेशी नसतील तर एका घरातली गर्दी हटवल्यावर ती दुसऱ्या घरात जाते, हे मान्य करायला हवं.

यादी आणि तपासणी

स्कॉटलंडमध्ये २००६ पासून घरमालकांची नोंदणी आहे. वेल्समध्ये ‘रेंट स्मार्ट वेल्स’ ही एकच व्यवस्था सगळ्या देशासाठी आहे. इंग्लंडच्या २०२५ च्या कायद्यातही मालकांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. मग काही जण विचारतात, आता स्थानिक परवाना कशाला? फरक साधा आहे. नोंदवही सांगते की हे घर अमक्याचं आहे. जिन्याचा कठडा हलतोय का, हे ती सांगत नाही. ते त्या गल्लीतल्या काउन्सिलच्या माणसाने जाऊनच बघावं लागतं.

याचा अर्थ तिकडे भाडेकरूची चौकशी होतच नाही असा नाही. २०१६ पासून सगळ्या इंग्लंडमध्ये ‘राइट टू रेंट’ आहे. भाडेकरूला त्या देशात राहायचा हक्क आहे का, हे मालकाला तपासावं लागतं. आपल्या मुलांचे व्हिसाचे कागद घरमालक मागतो तो यासाठीच. पण तिथे निदान दोन्ही बाजूंची तपासणी होते. आपल्याकडे भाडेकरूचं नाव-गाव पोलिसांकडे जातं, त्याचं लग्न झालंय का, तो काय खातो हेही सोसायटी विचारते, आणि ७० चौरस फुटांत तीन कॉट टाकणाऱ्या मालकाला मात्र कोणी काही विचारत नाही. काय घ्यायचं आणि काय नाही, यावर प्रश्नोत्तरांत बोलू.

शेवटी एक कामाची गोष्ट. इंग्लंडमधल्या प्रत्येक काउन्सिलला दिलेल्या परवान्यांची नोंदवही लोकांसाठी खुली ठेवावी लागते. तुमच्या घरातलं कोणी तिकडे घर बघत असेल तर त्यांना दोन गोष्टी सांगा. डिपॉझिट भरण्याआधी त्या काउन्सिलला विचारा, या पत्त्याला परवाना लागतो का. आणि लागत असेल तर तो आहे का, आणि किती माणसांचा आहे.