कुत्र्याने धरलेली कोंबडी : आधी काय पाहावे?

धक्का : अनेकदा जखमेआधी हाच जीव घेतो. कोंबडी डालग्याखाली, उबदार, अंधाऱ्या जागी एकटी ठेवावी. तिच्या शरीराचे नेहमीचे तापमान 41 ते 42 अंश सेल्सिअस. पाणी समोर ठेवावे; चोचीत ओतल्यास श्वासनलिकेत जाऊ शकते.

जखम : पिसे सारून पाहावी. सुळ्याचे भोक बारीक, पण खोल. हळद भरून बुजवू नये. रक्त वाहत असल्यास स्वच्छ फडक्याने दाबून धरावे. धुण्यासाठी 1 लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ. माशी बसू देऊ नये, अळ्या पडतात.

कातडीखाली हवा : फुगवटा दाबल्यास चरचरतो. हवेच्या पिशव्या फाटल्याची शक्यता, पशुवैद्य गाठावा.

कळप : रक्त दिसले की इतर कोंबड्या टोचतात.

अंडी : काही आठवडे बंद पडू शकतात.

रेबीज : सस्तन प्राण्यांचा आजार, त्यामुळे कोंबडीला सहसा त्याची भीती नाही.